क्लाउस्टालला राहायला येताय? आधी जमीन समजून घ्या

जर्मनीतल्या या गावाला रेल्वे नाही, रेल्वेने गोस्लारपर्यंतच येता येतं. पुढे ८३० नंबरची बस घाट चढून साधारण अर्ध्या तासात क्लाउस्टाल-त्सेलरफेल्डला पोचवते. जुन्या स्टेशनची इमारत बघून फसू नका. तिथे आता ग्रंथालय आहे, प्रवासी गाड्या १९७६ सालीच बंद झाल्या. रात्रीच्या आणि रविवारच्या फेऱ्या विरळ असतात, म्हणून हानोवरला विमान उतरणार असेल तर शेवटची बस आधी बघा आणि मगच तिकीट काढा.

गाव हार्ट्स डोंगराच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे. शेतीसाठी इतक्या वर कोणी आलं नसतं. सोळाव्या शतकात इथल्या चांदीसाठी इथल्या राज्यकर्त्यांनी सवलती देऊन पूर्वेकडच्या एर्त्सगेबिर्गं या डोंगराळ भागातले खाणकामगार आणले. जुन्या माणसांची बोली अजून तिकडची वाटते ती त्यामुळे. दोन राज्यकर्ते, म्हणून शेजारीशेजारी दोन गावं. ती एक झाली थेट १९२४ साली. पत्ता शोधताना हा इतिहास कामाला येतो: त्सेलरफेल्ड १६७२ च्या आगीनंतर नव्याने आखलं, त्यामुळे तिथले रस्ते काटकोनात आहेत. क्लाउस्टालचं मोठं चर्च १६४२ चं, अख्खं लाकडी. खाणकामाचे वर्ग १७७५ साली सुरू झाले, त्यांचंच आजचं तांत्रिक विद्यापीठ. गावातल्या खाणी १९३० साली मिटल्या, पण ‘ग्ल्युक आउफ’ हा खाणकामगारांचा नमस्कार टिकून आहे. (क्षयाचा जंतू शोधणारा रॉबर्ट कोख याच गावचा, जन्म १८४३. प्लेगच्या साथीत, १८९७ साली, तो मुंबईला आला होता.)

गावाभोवती जिकडेतिकडे तळी दिसतील. एकही नैसर्गिक नाही. खाणीत साचणारं पाणी उपसायला पाणचक्क्या लागत आणि चक्क्या फिरवायला पाणी. पण माथ्यावर मोठी नदी कुठून असणार? म्हणून मातीचे बांध घातले आणि गवताची ढेकळं थरावर थर रचून ते गळके राहणार नाहीत असे केले. बांधाजवळ किंवा पाण्यातच जी लाकडी खोपटी दिसते, तिच्यात तळाचं बूच उचलायची यंत्रणा असते. तळ्यांना जोडणारे पाट डोंगराच्या कुशीतून जेमतेम उताराने नेलेले आहेत. त्यामुळे पाटाकाठची वाट जवळजवळ सपाट असते. बाबागाडी घेऊन फिरायला याहून चांगली जागा नाही. २०१० पासून ही सगळी व्यवस्था जागतिक वारसा यादीत आहे. हिवाळ्यात मात्र गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवू नका. खालून पाणी सोडलं की बर्फाखाली पोकळी राहते.

आता परसबागेचं. घरमालकाने बागेचा तुकडा दिला की हात शिवशिवतात, पण थेट जमिनीत पालक-मेथी पेरू नका. शतकानुशतकं धातू गाळणाऱ्या भट्ट्यांचा धूर आणि खाणीचा गाळ या मातीत मुरलाय. तिच्यात शिसं आणि कॅडमियम आहे, आणि पालेभाज्या कॅडमियम खेचून घेतात. माती जितकी आम्ल तितकं जास्त. विकतची माती भरून उंच वाफा करा. मेथी-कोथिंबिरीला वीसेक सेंटिमीटर खोली पुरते. बागेतून आल्यावर बूट दाराबाहेर, आणि पोरांचे हात जेवणाआधी धुतलेच पाहिजेत. खणलेली माती दुसरीकडे नेऊन टाकायलाही नियम आहेत. आधी जिल्हा कार्यालयात विचारा.

घर भाड्याने घेताना ‘काल्टमीटं’चा, म्हणजे नुसत्या भाड्याचा, आकडा बघून हुरळू नका. त्यात हीटिंग नसतं, आणि इथला हिवाळा खालच्या शहरांपेक्षा लांब. जुन्या लाकडी घरात हीटिंगचं गेल्या वर्षीचं बिल मागून बघा. फोडणीची आणि ओल्या कपड्यांची वाफ खोलीत कोंडली की भिंतीच्या थंड कोपऱ्यात बुरशी धरते. खिडकी दिवसभर फटीएवढी उघडी ठेवून काही होत नाही, भिंत तेवढी गार पडते. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं सताड उघडा.

करारात बर्फ काढायची पाळी तुमच्यावर आहे का, हे सही करण्याआधी वाचा. असेल तर बर्फ पडल्या पडल्या काढा. माणसं चालून एकदा तो दाबला गेला की त्याची काच होते, मग फावडं नुसतं घसरतं. वर मीठ टाकू नका, बारीक खडी टाका. कोणी घसरून पडलं तर जबाबदारी पाळीवाल्याची, आणि सुट्टीला गावी जाताना ती आपोआप उतरत नाही. शेजाऱ्याला सांगून जा.