टॉमीसाठी डावीकडे समास सोडा

बेसबॉलचा स्कोअर लिहायला पेन्सिल घ्या, पेन नको. पहिल्यांदा मी पेन घेऊन बसले आणि तिसऱ्या इनिंगपर्यंत पान इतकं बरबटलं की शेजारचे काका म्हणाले, “मिहा, हा स्कोअर आहे की वाण्याची यादी?” मिहा म्हणजे स्पॅनिशमधलं लाडाचं ‘पोरी’. काकांच्या घरचे मूळचे मेक्सिकोचे, काकांचा जन्म मात्र लॉस एंजेलिसचा. डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून इथे आला 1958 साली, तेव्हापासून ते या संघाचे. मी जन्मले 1960ला, तेही नाशकात. त्यामुळे बेसबॉलच्या बाबतीत आमच्या गल्लीत शेवटचा शब्द त्यांचा.

हा सगळा खटाटोप टॉमी लासोर्डासाठी. त्याला अहोजाहो करणं मला जमत नाही, जसं सचिनला जमत नाही. 1976च्या हंगामातले शेवटचे चार सामने उरले असताना तो डॉजर्सचा मॅनेजर झाला आणि 1996च्या उन्हाळ्यात हार्ट अटॅक येईपर्यंत राहिला. 1,599 विजय, 1981 आणि 1988 अशा दोन वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका), शिवाय 2000 साली सिडनीला अमेरिकेच्या संघाला ऑलिंपिक सुवर्ण. 2020च्या ऑक्टोबरात टेक्ससमध्ये प्रेक्षकांत बसून त्यानं डॉजर्सना 32 वर्षांनी पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकताना पाहिलं आणि 7 जानेवारी 2021ला, वयाच्या 93व्या वर्षी, गेला. दिवस कोविडचे. स्टेडियमच्या दाराशी जायचं, फुलं ठेवायची, मास्कच्या आत नाक पुसायचं आणि परत गाडीत बसायचं. आठवडाभरानं त्याच पार्किंगमध्ये लशीसाठी गाड्यांच्या रांगा लागल्या.

मग सप्टेंबरात, त्याच्या वाढदिवसाला म्हणजे 22 तारखेला, मी आमच्या मागच्या अंगणात रीतसर स्मृतिसभा ठेवली. फोटो, फोटोला हार, उदबत्ती, चौदा खुर्च्या. असं करू नका. टॉमी कुणाहीबरोबर फोटो काढायचा, त्यामुळे चौदांपैकी नऊ जणांकडे त्याच्याबरोबरचा फोटो होता आणि नऊही जण उभं राहून स्वतःबद्दल बोलले. दहावा बोलायला उठला तोवर बाकीचे घरांच्या किमतींवर आले होते. सगळे गेल्यावर काका खुर्च्या घडी करता करता म्हणाले, “त्यानं काय केलं ते कुणीच सांगितलं नाही.”

खरंच होतं, आणि त्याला कारणही आहे. बेसबॉलचा स्कोअर लिहितात त्या पानावर प्रत्येक बॅटरला एक ओळ असते, पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, ओळ असते, चूक करणाऱ्या फील्डरचीही नोंद होते. मॅनेजरला जागाच नाही. क्रिकेटसारखा मैदानावर कप्तान निर्णय घेत नाही इथे. कोण खेळणार, कुणाला काढायचं, कधी बेस चोरायचा, म्हणजे फटका नसताना पुढच्या बेसवर पळायचं, कुणाला मुद्दाम फुकट पहिल्या बेसवर पाठवून द्यायचं, हे सगळं डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या बाकावर, बसलेला मॅनेजर ठरवतो. तोही खेळाडूंसारखाच गणवेश घालून. टॉमीचा नंबर 2. पण कागदावर त्याचं बोटसुद्धा उमटत नाही.

माझे वडील रेडिओपाशी बसून क्रिकेटचा स्कोअर लिहायचे. जानेवारी 1964मध्ये मद्रासला आमच्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध ओळीनं 21 षटकं निर्धाव टाकली, त्या दिवसाचं त्यांचं पान मी पाहिलंय: नुसते ठिपके, मुंग्यांची रांग लागावी तसे. आणि कडेला समासात, बारीक अक्षरात, वडिलांचे शेरे. ‘आता तरी बदला.’ ‘नका बदलू.’ स्कोअर सगळ्यांचा सारखाच असतो, समास ज्याचा त्याचा. तेच मी टॉमीसाठी उचललं: दर वाढदिवसाला त्याचा एक जुना सामना बघत लिहायचा, आणि त्याचे निर्णय समासात.

तर पान असं आखायचं. मोठी, आडवी धरता येईल अशी वही घ्या. डावीकडे चांगला चार बोटं समास सोडा, कंजुषी करू नका. समासाला लागून बॅटरच्या नावांचा रकाना, नऊ ओळी, आणि प्रत्येक नावाखाली बदली खेळाडूसाठी एक रिकामी ओळ. पुढे इनिंगचे नऊ रकाने, जागा असेल तर दोन जादा. प्रत्येक चौकटीत फिकट पेन्सिलीनं छोटा हिरा काढायचा, म्हणजे मैदान. बॅटर ज्या बेसपर्यंत पोचेल तिथपर्यंत रेघ गडद करायची. धाव झाली की हिरा भरून टाकायचा.

फील्डरना आकडे असतात, ते एकदा पाठ झाले की झाले: पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) 6, आणि बाहेरचे तिघे डावीकडून उजवीकडे 7, 8, 9. शॉर्टस्टॉप तिसऱ्या बेसच्या आधी येतो असं वाटतं, पण तो 6. मी दोन वर्षं हे चुकत होते. शॉर्टस्टॉपनं उचलून पहिल्या बेसकडे फेकला तर 6-3. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाला तर, इंग्रजी ‘के’ अक्षर, आणि बॅटर नुसता बघत राहून बाद झाला तर तेच के आरशात दिसावं तसं उलटं. बाकी खुणा बसता बसता येतात.

आता सामना. नवख्या मंडळींसाठी माझ्या मते एकच आहे: 15 ऑक्टोबर 1988, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, डॉजर स्टेडियम, समोर ओकलंड. सगळा सामना लिहा, पण खरा जीव नवव्या इनिंगसाठी राखून ठेवा. चालू सामन्यात सगळं भरभर होतं, म्हणून चित्रण थांबवत थांबवत बघायचं. नियम एकच: मॅनेजरला काही ठरवायची वेळ आली की थांबवा, प्रत्येकानं आपापल्या समासात ‘मी काय केलं असतं’ ते लिहा आणि मगच पुढे चालवा. निकाल कळल्यावर लिहिलेलं धरायचं नाही.

ओकलंड 4, डॉजर्स 3. शेवटची इनिंग. पिचर डेनिस एकर्स्ली, त्या काळचा सर्वांत भारी शेवट करणारा. स्कियोशानं उंच मारला, शॉर्टस्टॉपनं झेलला. चौकटीत 6. हॅमिल्टन बघत राहिला, उलटा के. दोन बाद. समास अजून कोरा.

इथे थांबवा. पुढचा बॅटर ग्रिफिन, त्याच्यानंतर पिचरची पाळी. तेव्हा नॅशनल लीगच्या, म्हणजे डॉजर्सच्या गटाच्या, मैदानावर पिचरलाही बॅट धरावी लागे. टॉमीनं ग्रिफिनला काढलं आणि माइक डेव्हिसला पाठवलं. डेव्हिसची त्या हंगामातली सरासरी .196, म्हणजे रडकथा. पण आदल्या वर्षापर्यंत तो ओकलंडकडेच होता आणि तिथे त्यानं होमरन मारलेले. एकर्स्लीला तो जुना डेव्हिस आठवणार. समासात लिहा: ‘ग्रिफिनऐवजी डेव्हिस.’ खाली: ‘ओकलंडची आठवण वापरली.’

मग कॅमेरा पुढच्या बॅटरच्या वर्तुळाकडे वळतो. तिथे डेव्ह अँडरसन बॅट फिरवत उभा. पुन्हा थांबवा, कारण टॉमीची सगळी कमाई या एका चित्रात आहे. अँडरसन साधा बॅटर. एकर्स्ली मनात म्हणणार, या डेव्हिसला जपून टाकू, हुकला तरी पुढे हाच तर आहे. आणि आत, डगआउटच्या मागे, डॉजर्सचा सगळ्यात भारी बॅटर कर्क गिब्सन. दोन्ही पाय गेलेले, एकीकडे मांडी, दुसरीकडे गुडघा. खेळण्याची आशा नव्हती, तो आत बॅटचा सराव करतोय हे टॉमीला निरोप आल्यावर कळलं. टॉमीनं त्याला बाहेर येऊ दिलं नाही. अँडरसन आमिष होता.

मला सगळ्यात आवडतं ते याच्याही पुढचं. वर्तुळात नुसतं उभं राहिल्यानं खेळाडू खर्ची पडत नाही, त्याचं नाव जाहीर झालं तरच पडतो. शॉर्टस्टॉप ग्रिफिनला तर काढलेला. सामना बरोबरीत जाऊन लांबला असता तर शॉर्टस्टॉपला उभं करायला अँडरसन हाताशी शिल्लक होता. एकच माणूस आमिषही आणि शिल्लकही! हे मला तिसऱ्यांदा पान लिहिताना कळलं आणि मी काकांना फोन केला. ते म्हणाले, “पस्तीस वर्षं झाली, मिहा.” पण आवाजावरून त्यांनाही ते नवीन होतं.

डेव्हिसला चार बॉल, म्हणजे आवाक्याबाहेरचे चेंडू, मिळाले; चार झाले की पहिला बेस फुकट. अँडरसन मागे फिरला आणि गिब्सन लंगडत आला. स्टेडियमचा आवाज खाली करू नका, शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो. दोन स्ट्राइक, मग हळूहळू बॉल वाढत गेले, आणि तिसऱ्या बॉलवर डेव्हिस पळाला, दुसरा बेस चोरला. समास: ‘आता साध्या फटक्यालाही बरोबरी.’ मग तो फटका, उजवीकडच्या प्रेक्षकांत. 5-4. समालोचक व्हिन स्कली मिनिटभर काही बोललेच नाहीत, तुम्हीही बोलू नका. दोन हिरे भरा. त्या अख्ख्या सिरीजमध्ये गिब्सननं पुन्हा बॅट धरली नाही, तरी डॉजर्स 4-1नं जिंकले.

माझ्या पानावर गिब्सनच्या चौकटीवर तेलाचा डाग आहे. म्हणून खाण्याचा नियम: सातव्या इनिंगनंतर वडे बंद. टॉमी खाण्याचा भलता शौकीन, त्याच्या ऑफिसात पास्त्याची पातेली आणि भिंतीवर फ्रँक सिनात्राचे फोटो, म्हणून काका दरवर्षी लाल सॉसचा पास्ता आणतात, मी बटाटेवडे करते. पास्ता काट्यानं खातात, वडा हातानं. डाग कुठून आला ते सांगायला नको. माणसं सहाच्या वर नकोत. वह्या ज्याच्या त्याच्या, एकमेकांच्या समासात डोकावायचं ते शेवटी.

एवढं करून थांबलात तर नुसती आरती होईल. दुसऱ्या वर्षी त्याची चूक लावा. 16 ऑक्टोबर 1985, नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, सेंट लुईसविरुद्ध. नववी इनिंग, डॉजर्स 5-4नं पुढे, दोन बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं, पहिला बेस रिकामा. समोर जॅक क्लार्क, त्यांचा सगळ्यात जोरदार बॅटर. थांबवा. क्लार्कला फुकट पहिला बेस द्यायचा की त्याला चेंडू टाकायचा?

आमच्याकडे सहा वह्या होत्या. चौघांनी लिहिलं, द्या. मी लिहिलं, टाका, कारण पुढचा व्हॅन स्लाइक डावखुरा आणि आपला पिचर नीडनफ्युअर उजवा, म्हणजे त्याला सोपा, शिवाय तिन्ही बेस भरले की चार बॉल पडले तरी बरोबरी. टॉमीनं टाकायचं ठरवलं. पहिल्याच चेंडूवर क्लार्कनं डावीकडे भिरकावला, तीन धावा, 7-5, हंगाम संपला. काका त्या दिवशी स्टेडियमात होते. इतका वेळ त्यांची वही मिटलेली होती. नंतर उघडून त्यांनी समासात दोन ओळी लिहिल्या: ‘चुकलं त्याचं. मीही हेच केलं असतं.’

टॉमीच्या शिव्यांना समासात जागा ठेवायची का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. तो पत्रकारांवर उखडायचा तेव्हा जे बोलायचा ते मी मराठीतही लिहू शकणार नाही. काका म्हणतात, लिही. मी फुल्या मारते.

येत्या सप्टेंबरसाठी पान आखून तयार आहे: 9 एप्रिल 1981, हंगामाचा पहिला दिवस, ह्यूस्टनविरुद्ध. ठरलेला पिचर जेरी रॉइस ऐनवेळी दुखावला आणि टॉमीनं चेंडू दिला वीस वर्षांच्या, मेक्सिकोच्या एका खेड्यातून आलेल्या फर्नांडो व्हॅलेन्झुएलाला. टॉमीला स्पॅनिश यायचं, त्यामुळे मधे दुभाषा नको होता. 2-0, ह्यूस्टनला एकही धाव नाही. डॉजर स्टेडियमच्या त्या टेकड्यांवरून मेक्सिकन कुटुंबांना घराबाहेर काढलं होतं, शेवटच्यांना 1959मध्ये पोलिसांनी उचलून नेलं. त्या रागापायी काकांच्या वडिलांनी स्टेडियमात पाऊल टाकलं नव्हतं. 1981 साली ते पहिल्यांदा गेले. फर्नांडोही 2024च्या ऑक्टोबरात गेला, वर्ल्ड सिरीज सुरू व्हायला तीन दिवस असताना.

या सामन्यात सगळ्यात मोठी नोंद पहिला चेंडू पडायच्या आधीच करायची, म्हणून मी समास पानाच्या वरच्या बाजूलाही सोडलाय. काकांचा हात आता थरथरतो, चौकटीत आकडा मावत नाही. तरी तेवढं एक त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, मोठ्या वाकड्या अक्षरात: ‘पोराला दे.’ पूर्ण सामन्याचं चित्रण अजून माझ्या हाती लागलेलं नाही. काका म्हणतात, नाही मिळालं तर मी सांगतो, तू लिही.