झाकणाखालचं ताक

माझी शाळा घरापासून साडेतीन किलोमीटरवर. सकाळी जायचं, दुपारी यायचं, संध्याकाळी आमच्या गोव्यातल्या वाळपईच्या बाजारात एक फेरी, एकादशीला देऊळ. वर्षाकाठी माझी वॅगनआर सहा हजार किलोमीटरही धावत नाही. त्यामुळे माझा हिशेब साधा होता: गाडीच्या पुस्तिकेत 10,000 किलोमीटर लिहिलंय, ते होईपर्यंत इंजिनचं ऑईल बदलायचं नाही. त्याच ओळीत पुढे ‘किंवा 12 महिने, जे आधी येईल ते’ असंही छापलेलं होतं. मुलांना प्रश्न पूर्ण वाचा म्हणून रोज ओरडणाऱ्या बाईने ते वाचलं नव्हतं.

दीड वर्ष उलटलं. ऐन श्रावणात फिटरने ऑईल भरायचं झाकण काढलं, उलटं करून माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, “टीचर, गाडयेंत ताक घाल्लां काय?” झाकणाला आतून पिवळट पांढरा फेस होता, लोणी यायच्या आधी रवीला चिकटतो अगदी तसा.

पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या कडेने खाली, ऑईल साठतं त्या चेंबरमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ऑईल चांगलं तापतं आणि ती वाफ उडून जाते. पण ऑईल तापायला कूलंटपेक्षा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यापेक्षा, जास्त वेळ लागतो. साडेतीन किलोमीटरमध्ये ते जेमतेम कोमट होतं, तोवर मी शाळेच्या फाटकात. पाणी आतच राहतं, न जळलेलं थोडं पेट्रोल त्यात मिसळतं, आम्लं तयार होतात आणि मळी धरू लागते. त्यात आमच्या सत्तरी तालुक्याचा पाऊस. म्हणजे कमी फिरणाऱ्या गाडीचं ऑईल जास्त टिकतं, हा माझा समज साफ उलटा होता.

झाकणाखाली फेस दिसला तर आधी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, ओढून बघा. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी जागच्या जागी असेल, तर हे नुसतं साचलेलं पाणी. डिपस्टिकवरही दुधाळ दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर गाडी चालूच करू नका. हेड गॅस्केट, म्हणजे कूलंट ऑईलमध्ये शिरू न देणारी इंजिनातली पट्टी, गेल्याची शक्यता आहे, फिटरला घरी बोलवा. ऑईल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नये. त्यात मळ सोडवून धरून ठेवणारी द्रव्यं असतात, काळं होतंय म्हणजे ते काम करतंय.

आता मी वर्षातून दोनदा बदलते, मेच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या सुट्टीत. किलोमीटर कितीही झालेले असोत. सारख्या लहान फेऱ्या आणि धुळीचे रस्ते असतील तर लवकर बदला, हे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत सांगितलेलं असतं. महिन्यातून दोन शनिवार होंडामार्गे साखळी आणि तिथून पुढे पणजी गाठते. (होंडा हे आमच्याकडे आधी गाव आहे, मग गाडी.) तासभर सलग चालली की इंजिनातलं पाणी निघून जातं.

ऑईल घरीच बदलते, त्याचं कारण वेगळं. एका गॅरेजने बिलात नवा ऑईल फिल्टर लावला होता. संशय होता, म्हणून गाडी देण्याआधी जुन्या फिल्टरच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. गाडी परत आली ती ठिपक्यासकट.

करायचं असं. गाडी दहा मिनिटं फिरवून आणा आणि थोडा वेळ थांबा, ऑईल कोमट हवं, उकळतं नको. पुढची चाकं सपाट जागेवरच्या लोखंडी रॅम्पवर चढवा, गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओंडके लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. आणि आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात, त्यांचा टेकू देण्याचा मोह होतो. जांभा दाबाखाली न सांगता फुटतो.

वरचं झाकण सैल करा, म्हणजे ऑईल सरळ धारेने पडतं. खाली जुनी परात. हातमोजे घाला, वापरलेलं ऑईल कातडीला चांगलं नाही. रिंग पान्याने चेंबरच्या बुडाचा नट सैल करून शेवटचे आटे हाताने फिरवा, नटाला आतल्या बाजूला दाबून धरत. वीस मिनिटं थेंब थांबेपर्यंत राहू द्या. नटाचा वॉशर नवा घाला. नट आवळताना पहिलवानकी नको, चेंबरचे आटे गेले की खर्च मोठा.

फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का ते बघा. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर सगळं ऑईल रस्त्यावर. नव्या रिंगला बोटाने ताजं ऑईल लावा, हाताने फिरवा, टेकली की पाऊण फेरा आणखी. फिल्टरवर वेगळी सूचना असेल तर ती पाळा.

ऑईलचा ग्रेड पुस्तिकेत असेल तोच. ‘गोव्यात उकाडा, जाड घाल’ हा सल्ला मला तीन जणांनी दिलाय, तिघांच्याही गाड्या वीस वर्षांपूर्वीच्या. ठरलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका, जास्त झालं की फेसाळतं. इंजिन चालू केल्यावर ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. खाली गळती बघा, गाडी सपाटीवर उतरवा, बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक.

मळी धरलेल्या इंजिनला लगेच कडक फ्लशिंग, म्हणजे औषध घालून आतून धुणं, करू नका. मळीचे तुकडे सुटून चेंबरमधल्या चाळणीत अडकतात आणि ऑईल वर चढतच नाही. माझ्या फिटरने दोन हजार किलोमीटरच्या अंतराने दोनदा ऑईल आणि फिल्टर बदलायला लावले. नवं ऑईल सावकाश धूत गेलं. दुसऱ्या खेपेला झाकण कोरडं निघालं.

जळकं ऑईल कॅनमध्ये भरून मी फिटरच्याच गॅरेजच्या पिंपात ओतते, तिथून ते गोळा करणारे नेतात. शेजारचे तात्या दर सुट्टीत गोठ्याच्या खांबांना लावायला मागतात, वाळवी लागत नाही म्हणतात. मी देत नाही. त्यांचा गोठा माझ्या विहिरीपासून आठ हातांवर आहे, आणि चिऱ्याच्या जमिनीत काही अडून राहत नाही. या मेमध्ये तात्या त्यावरून चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी साखळीला सोडशील का म्हणून आले, तेव्हा बोलले.