बदली नागपूरला झाली असेल तर

बदलीच्या आदेशावर 'नागपूर' हा शब्द वाचून कोकणातल्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी आरशात पाहिले आहे. तीन वर्षे कशीबशी काढायची, अशा बेताने मी येथे आलो. आता आठवे वर्ष चालू आहे. ज्यांच्यावर अशीच वेळ आली आहे, त्यांनी प्रेक्षणीय स्थळांची यादी तूर्त बाजूला ठेवावी आणि नव्या शहरातील जे सर्वांत असह्य वाटते, तेथूनच सुरुवात करावी. त्यावर तेथील माणसांनी काय तोड काढली आहे हे कळले, की निम्मे शहर कळते.

नागपुरात ती गोष्ट म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि त्यावरचा घरोघरीचा उपाय म्हणजे कूलर. पहिल्या उन्हाळ्यात मी दारे-खिडक्या घट्ट लावून कूलर चालवला; तासाभरात खोली दमट झाली आणि अंथरूण ओलसर लागू लागले. शेजारच्या काकू डोकावल्या. "काय करून राहिले तुम्ही? हवा जाईन कुठून?" असे म्हणून त्यांनी समोरची खिडकी उघडली. कूलर खिडकीच्या बाहेरच्या अंगाला बसवावा, म्हणजे बाहेरची कोरडी हवा कूलरच्या बाजूंना बसवलेल्या ओल्या ताट्यांतून आत येते. तिच्यामुळे पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते, परंतु ती ओली झालेली हवा बाहेर पडायलाही वाट लागते. होळी झाली की ताट्या बदलून घ्याव्यात आणि वाळ्याच्या मिळाल्यास थोडे अधिक पैसे मोजावेत, कारण पहिले पाणी पडताच घरभर जो वास सुटतो, त्यासाठी मी आता मार्चची वाट पाहतो. पावसाळा लागल्यावर कूलर निरुपयोगी ठरतो. तेव्हा त्याला दोष देऊ नये.

दुसरी पायरी शब्दांची. भाजीवालीकडे कोथिंबीर मागितली तर मिळते, पण 'सांबार', म्हणजे तिचे येथील नाव घेऊन मागितली की ती एक काडी जास्त घालते, असा माझा अनुभव आहे. हिवाळ्यात याच सांबाराचे सारण भरून केलेली पुडाची वडी खावी. कोथिंबीर ही केवळ सजावट नव्हे, हे तेव्हा पटते. येथील बोलीतील हिंदीला मात्र हसू नये. 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते. मुंबईच्या राज्यात आल्यावर राजधानीपण गेले आणि त्याच्या बदल्यात हिवाळी अधिवेशन आले. येथील माणूस पुण्या-मुंबईविषयी जरा तिरकस का बोलतो, याचे उत्तरही त्यातच आहे.

सकाळी तर्री पोहे उभ्यानेच खावेत. पोह्यांवर हरभऱ्यांची झणझणीत तर्री ओततात. पहिल्या दिवशी ती कमी घालायला सांगावी, यात कमीपणा नाही. संत्री घेताना आंबिया बहाराची की मृगाची, असे विचारावे. पहिली दिवाळीच्या आगेमागे येतात, दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये; माझे मत मृगाच्या बाजूचे आहे.

वर्षातले दोन दिवस रजा टाकूनच शहरात राहावे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जावे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवशी दूरवरून आलेली कुटुंबे पुस्तकांच्या दुकानांपुढे कशी थांबतात, ते पाहावे. दुसरा दिवस पोळ्याच्या पाडव्याचा. मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा मिरवतात आणि जुन्या वस्तीतून काळी व पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठी केलेले बाईचे मोठे पुतळे, यांची मिरवणूक निघते. मागून येणाऱ्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर त्या-त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, पुढारी असे काहीही लटकलेले असते आणि गर्दी ओरडत असते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" पहिल्या वर्षी मी गर्दीच्या कडेला उभा राहून फोटो काढत होतो. तिसऱ्या वर्षी ओरडताना माझ्याकडून आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचेही नाव निघाले.