लाळेतून तोंडाचा कर्करोग शोधताय? या चुका टाळा

लाळेतल्या प्रथिनांवर प्रबंध करणारे एमडीएसचे (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी आकडे विचित्र आले की आधी एलायझाच्या (प्रथिनं मोजणाऱ्या चाचणीच्या) किटला दोष देतात. बहुतेक वेळा नमुना त्याच्या कितीतरी आधी, ओपीडीतल्या खुर्चीतच बिघडलेला असतो.

सुरुवात शब्दापासून करू. रुग्णाला ‘या नळीत थुंका’ म्हटलं की तो घसा खाकरून बेडका काढतो. तो कफ, आपल्याला हवी लाळ. ‘आजी, मान खाली घाला, गिळू नका, लाळ आपोआप नळीत गळू द्या’ असं सांगा आणि पाच मिनिटं शेजारी थांबा. सबम्युकस फायब्रोसिसमुळे (तोंडाचं आतलं अस्तर ताठर झाल्यामुळे) तोंड जेमतेम उघडणाऱ्यांनाही हे जमतं. कापसाचा बोळा नको, काही प्रथिनं त्यातच अडकतात.

नमुना सकाळी, ठरावीक वेळेतच घ्या. त्याआधी किमान तासभर खाणं, चहा, ब्रश, काहीच नको. आणि ‘मिश्री लावली का?’ हे वेगळं विचारा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण लावणाऱ्या कित्येक बायका तिला दात घासायची पूड समजतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्या अगदी खरेपणाने ‘नाही’ म्हणतात, आणि तुमच्या तंबाखूमुक्त गटात जाऊन बसतात.

तुलनेसाठी घेतलेल्या गटाबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. इंटरल्यूकिन-6, इंटरल्यूकिन-8 ही प्रथिनांची नावं तोंडाच्या कर्करोगाच्या संदर्भात नेहमी येतात. पण ती दाह दाखवतात, आणि हिरड्या सुजल्या तरी वाढू शकतात. एका बाजूला पंचावन्न वर्षांचे, पायोरिया झालेले कर्करुग्ण आणि दुसऱ्या बाजूला वसतिगृहातली बाविशीतली निरोगी मुलं ठेवली, तर फरक मिळणारच. तो वयाचा आणि हिरड्यांचा असेल, गाठीचा असेलच असं नाही. वय, लिंग आणि तंबाखूची सवय जुळवा, प्रत्येकाच्या हिरड्या तपासून नोंदवा आणि कर्करोग नसलेल्या पायोरियाच्या रुग्णांचा तिसरा गट घ्याच. काम वाढतं, हे मान्य. पण त्याशिवाय उत्तराला आधार नाही.

जखमेतून रक्त मिसळलं की रक्तातली प्रथिनंही लाळेत मोजली जातात. गुलाबी नमुना बाजूला काढा. मात्र पांढरा दिसणारा नमुनाही शुद्ध असेलच असं नाही, म्हणून ट्रान्सफेरिन किंवा हिमोग्लोबिन तपासा. लाळ नेहमी बायोप्सीच्या (तपासणीसाठी तुकडा काढण्याच्या) आधी घ्या.

लाळेतली एन्झाइम्स तिच्यातलीच प्रथिनं तोडत राहतात. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवा. 4 अंशांवर 2600 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 2600 पट) बलाने 15 मिनिटं सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात जोरात फिरवा), वरचा द्रव घ्या, प्रोटिएज इनहिबिटर (ही तोडफोड रोखणारं रसायन) घाला आणि छोट्या कुप्यांत वाटून उणे 80 अंशांत ठेवा. एकच मोठी नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका. एकाच नमुन्याच्या दोन वेलमधले (एलायझाच्या प्लेटवरच्या खळग्यांमधले) आकडे जुळत नसतील तर म्युसिन या लाळेतल्या प्रथिनाच्या चिकट तारा पिपेटमध्ये गेल्या असतील. वितळल्यावर पुन्हा फिरवून बघा. सौम्य केलेल्या नमुन्याचं उत्तर त्याच प्रमाणात कमी होत नसेल, तर लाळेतलं दुसरंच काहीतरी मापनात अडथळा आणतंय.

शेवटी आकडे. 2008 साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या संशोधकांनी एम2बीपी, एमआरपी14, सीडी59, प्रोफिलिन आणि कॅटालेज या पाच लाळप्रथिनांचा संच मांडला: संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले) 90 टक्के, विशिष्टता (रुग्ण नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) 83 टक्के. हे आकडे उत्तम वाटतात. पण समजा गावातल्या शिबिरात 1000 लोक आले आणि त्यांत खरे रुग्ण 2 आहेत. त्याच विशिष्टतेने सुमारे 170 निरोगी माणसं ‘संशयित’ म्हणून घरी जातील, रात्रभर जागी राहतील. म्हणून प्रबंधात ‘आता बायोप्सीची गरज नाही’ असं वाक्य कृपा करून लिहू नका. आणि दोन-तीन आठवडे न भरलेला व्रण घेऊन कोणी खुर्चीत बसलं असेल, तर लाळेच्या निकालासाठी त्याला थांबवू नका. नमुना घ्या आणि त्याच दिवशी बायोप्सीला पाठवा.