जमिनीत पुरलेल्या रांजणात वाईन कशी लावतात: जॉर्जियाची जुनी पद्धत

आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे, छाटणी, डाऊनी (बुरशीचा रोग), मणी फुगवणं हे सगळं लहानपणापासून बघितलंय, पण द्राक्षं पायाने तुडवून रांजणात सोडतात हे पहिल्यांदा बघितलं ते जॉर्जियात. मावसभाऊ तिबिलिसीला एमबीबीएस करतोय, त्याच्याकडे गेलो होतो, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या मित्राच्या गावी, काखेती या पूर्वेकडच्या भागात गेलो तर पाहुणा म्हणून बसवायचं सोडून त्यांनी सरळ कामालाच जुंपलं. तिथे जे शिकलो ते क्रमाने लिहितोय. (घरी कोणी ट्राय करणार असेल तर आपल्याकडे लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, एवढं लक्षात ठेवा.)

आधी भांडं. त्याला क्वेव्हरी म्हणतात, अंड्याच्या आकाराचा, खाली निमुळता मातीचा रांजण, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. आपल्याकडे धान्याला पेव असायचं ना, तसंच, वरून फक्त तोंड दिसतं. पुरायचं कारण साधं आहे, जमिनीखाली उन्हाळा-हिवाळा फारसा जाणवत नाही, त्यामुळे रस आंबताना एकदम तापत नाही.

मग धुणं. मला वाटलं होतं वाईन म्हणजे काहीतरी सिक्रेट रेसिपी असेल, पण खरं सांगू का, निम्मं काम भांडी घासायचंच आहे. लांब दांड्याला चेरीच्या सालीच्या चकत्या ओवून ब्रश करतात, त्याने आतून घासायचं, पाणी उपसायचं, परत घासायचं. मित्राचे वडील प्रत्येक बादली नाकाशी धरून वास घ्यायचे आणि काही न बोलता ओतून द्यायचे, म्हणजे अजून घास. सातव्या बादलीला एकदाची मान हलवली.

आता द्राक्षं. पांढऱ्यासाठी र्कात्सितेली, लालसाठी सापेरावी. आपली बिनबियांची थॉम्पसन इथे चालत नाही, ती खायची, आणि या वाईनला बीसुद्धा पाहिजे, साल पण जाड पाहिजे. झाडाच्या बुंध्याचं कोरलेलं लांबच लांब लाकडी कुंड असतं, त्यात घड टाकून अनवाणी तुडवायचे, रस भोकातून वाहत रांजणात जातो. पायच का तर पायाने बी फुटत नाही, बी फुटली की कडवटपणा उतरतो. आर्मेनियात अरेनी नावाच्या गुहेत साधारण ६१०० वर्षांपूर्वीची अगदी हीच सोय सापडलीय, तुडवायला मातीची उथळ उतरती जागा आणि रस पडायला जमिनीत बसवलेलं मडकं. त्याच गुहेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा बूट पण मिळाला, तुडवताना काढून ठेवला होता असं म्हणायला मजा येते, पण तो त्यानंतर काही शतकांनी आलेल्या कोणाचा तरी आहे.

रसाच्या मागून चोथा, म्हणजे सालं, बिया आणि पिकलेले देठ, तोही रांजणात घालायचा. त्याला चाचा म्हणतात. काखेतीत सगळाच घालतात, पश्चिमेला इमेरेतीत थोडासाच, म्हणून तिकडची वाईन हलकी लागते. यीस्ट वेगळं टाकत नाहीत, द्राक्षासोबत जे येतं तेच. एक-दोन दिवसात फसफसायला लागतं, सालं वर येऊन जाड थर जमतो, तो दिवसातून तीन-चार वेळा लाकडी दांड्याने खाली ढकलायचा, नाहीतर वरचा थर सुकून आंबट होतो, व्हिनेगरच म्हणा. मी पहिल्यांदा तोंडाशी वाकलो तर सोड्याची बाटली नाकात फुटल्यासारखा झटका बसला. तो कार्बन डायऑक्साइड, जड असतो, खालीच साठून राहतो, त्यामुळे आत डोकं घालायचं नाही आणि तळघरात एकट्याने तर अजिबात जायचं नाही. ही गंमत नाही, माणसं दगावतात.

फसफस थांबली की थर आपोआप खाली बसतो. मग रांजण काठोकाठ भरायचा, झाकण ठेवायचं, कडेला ओली माती लिंपायची आणि पाच-सहा महिने विसरून जायचं. इथे तो निमुळता आकार कामाला येतो. बिया अगदी टोकाशी जातात, त्यावर सालं आणि गाळ बसतो, त्यामुळे बियांचा तुरटपणा वरच्या वाईनला फारसा लागत नाही.

सगळे सांगतात ८००० वर्षांची पद्धत, त्यात थोडी गडबड आहे. तिबिलिसीच्या दक्षिणेला गदाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथल्या खापरांत टार्टारिक ॲसिड, म्हणजे द्राक्षाच्या वाईनची खूण असलेलं आम्ल, सापडलं, तो रिसर्च २०१७ ला आला, खापरं इ.स.पू. ६००० ते ५८०० ची. म्हणजे वाईन तेवढी जुनी नक्कीच. पण ती भांडी सपाट बुडाची होती, टोकदार पुरलेली क्वेव्हरी बरीच नंतरची. युनेस्कोने २०१३ ला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली ती ही क्वेव्हरीची पद्धत.

वसंतात माती फोडून झाकण काढतात. पांढऱ्या द्राक्षाची वाईन असली तरी रंग निघतो मधासारखा, कारण सहा महिने सालीत मुरलेली असते. चव आपल्या कोऱ्या चहासारखी तुरट, मला पहिला घोट नाही आवडला, तिसरा आवडला. उरलेल्या चोथ्याची दारू गाळतात, तिलाही चाचाच म्हणतात. आणि रिकामा रांजण त्याच दिवशी धुवायला घ्यायचा, उद्यावर टाकलं की बुरशी धरते.