आयजीईचा रिपोर्ट हातात आला, आता काय करायचं?

माझ्या मुलीचा टोटल आयजीई (अ‍ॅलर्जीत रक्तात वाढणारी एक अँटीबॉडी, तिचं एकूण प्रमाण) ६४० आला, रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला, बघून आम्ही इतके घाबरलो की त्याच रात्री तिचं दूध, अंडं, शेंगदाणे सगळं बंद. दोन महिने पोरीने दाण्याचं कूट नसलेली साबुदाणा खिचडी खाल्ली आणि सकाळच्या शिंका होत्या तशाच राहिल्या. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी, टोटल आकड्यावरून कशाची अ‍ॅलर्जी ते कळत नाही. आयजीई हे मुळात शरीराचं जंतांशी लढायचं हत्यार, म्हणून पोटात जंत असले तरी वाढतं, एक्झिमा (त्वचेचा खाजरा आजार) असला तरी वाढतं, आणि उलट आकडा नॉर्मल असूनही अ‍ॅलर्जी असू शकते. १९६० च्या दशकात याचा शोध लागला. त्वचेत, नाकात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, त्यांच्यावर आयजीई चिकटून बसतं, धूळ किंवा परागकण येऊन त्याला अडकले की पेशी हिस्टामिन सोडते, आणि मग शिंका, खाज, गांधी.

मग वहीत लिहायला लागा: त्रास कधी होतो, कुठे, काय खाल्ल्यावर किती वेळाने. आमच्या वहीत पंधरा दिवस एकच गोष्ट, अंथरूण झटकलं की शिंका! डॉक्टरांना हीच वही जास्त कामाला आली.

त्यानंतर डॉक्टर म्हणाले तर स्पेसिफिक आयजीई (एकेका वस्तूच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताची टेस्ट) किंवा स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून करतात ती). प्रिकच्या आधी सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, पण विचारून, मनाने नाही (रक्ताच्या टेस्टला याची गरज नसते). मुलीच्या हातावर पेनाने खुणा केल्या, थेंब टाकून हलकं टोचलं, पंधरा मिनिटांत धुळीतल्या माइट्सच्या (अंथरुणात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) खुणेवर डास चावल्यासारखी गांध उठली, शेंगदाणा आणि अंड्याच्या जागी काहीच नाही. आता चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुतो, गादीला माइट-प्रूफ कव्हर घातलंय.

आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली पण ती वस्तू तुम्ही रोज मजेत खाताय, तर कृपा करून लगेच बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. आयजीजीची (ही वेगळी अँटीबॉडी) महागडी फूड पॅनेल, म्हणजे एकदम खूप पदार्थांसाठीची रक्ताची टेस्ट, तर करूच नका, त्याने अ‍ॅलर्जी कळत नाही.

काही खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर श्वास अडकला, घसा आवळला, चक्कर आली तर गोळी देऊन वाट बघत बसू नका, आडवं झोपवा, धाप लागली असेल तर बसू द्या, आणि तडक हॉस्पिटल गाठा, तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लगेच मिळायला हवं.