पॉवर विंडो, सेंट्रल लॉकिंग बिघडलं? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि उन्हाळ्यातली तांबडी धूळ, दोन्ही गाडीच्या दारात शिरतात. काच अडली की बोट लगेच मोटरकडे जातं. पण पुष्कळदा मोटर ठणठणीत असते. तिच्यापर्यंत पुरेसा करंट पोचत नसतो, नाहीतर काच रबरात आवळलेली असते.

आवाज न ऐकताच दाराचं पॅड (आतलं आवरण) काढणं

मोटर फिरते पण काच हलत नाही, तर रेग्युलेटरची (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची) केबल तुटली असेल किंवा काचेची क्लिप निसटली असेल. काच रखडत वर येते, तर आधी काच जिच्यात सरकते ती रबरी खाच (चॅनेल) ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस, ऑइल, डिझेल नको. रबर फुगतं, धूळ चिकटते आणि मोटरवर ताण वाढतो. काहीच आवाज नसेल तर फ्यूज बघा. फक्त बाकीच्या दारांची बटणं मेलेली असतील तर चालकाजवळचं विंडो लॉक दाबलेलं आहे का, ते आधी पाहा.

मीटरने 12 व्होल्ट दाखवले म्हणून तार चांगली समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दार आणि गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत तारा दार उघडताना दर वेळी वाकतात; चालकाच्या दारातल्या सगळ्यात आधी तुटतात. एकच तंतू शिल्लक असला तरी कनेक्टर काढून मोजल्यावर मीटर पूर्ण 12 दाखवतो, मोटर मात्र हलत नाही. म्हणून कनेक्टर लावलेला ठेवून, मागून पिन घालून, बटण दाबलेलं असताना मोजा. 9-10 व्होल्टच येत असतील तर तार किंवा बटणाचे जळके पॉइंट दोषी. मीटर नसेल तर 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब कनेक्टरला लावा. तो मिणमिणला तर मोटर विकत घेऊ नका. बऱ्याच गाड्यांत मागच्या दाराचा करंटही चालकाच्या बटणातून जातो, हे ध्यानात ठेवा.

तुटलेली तार पिळून टेप लावली तर त्याच जागी पुन्हा तुटते. तितक्याच जाडीची लवचिक तार घाला आणि जोड नळीबाहेर घ्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून 20 अँपिअरच्या जागी 30 चा कधीच टाकू नका. फ्यूज वाचेल, तार वितळेल.

लॉकिंगचं युनिटच बदलणं

एकच दार लॉक होत नसेल तर त्या दाराचा ॲक्च्युएटर (लॉक ओढणारी छोटी मोटर), तार किंवा सुकलेला लॅच (दाराची कडी) तपासा. सगळीच दारं गप्प असतील तर फ्यूज, बॅटरी आणि मग युनिट (सगळ्या लॉकना करंट देणारा डबा) तपासा. किल्लीने होतं, रिमोटने होत नाही, तर रिमोटचा सेल बदला. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर2032 असतो.

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये चालकाच्या दाराला पाच तारांचा ॲक्च्युएटर लागतो, कारण त्यातच इतर दारांना इशारा देणारा स्विच असतो. तिथे दोन तारांचा बसवला की किल्लीने एकच दार बंद होतं. लॉक होऊन लगेच उघडत असेल तर चालकाच्या ॲक्च्युएटरची सळई पूर्ण सरकते का पाहा. इथे डिजिटल मीटरपेक्षा बल्ब बरा: युनिट एक सेकंदाहून कमी वेळ करंट देतं, मीटरला तो नीट पकडता येत नाही.

प्लॅस्टिकचा पडदा फेकून देणं

पॅडमागचा पडदा पाणी अडवतो. फाटला असेल तर नवा लावा, ब्युटाइल पट्टीने (चिकट रबरी पट्टी) कडा चिकटवा, दाराखालची निचऱ्याची भोकं मोकळी करा. पॅड बसवण्याआधी काच वर-खाली आणि लॉक उघड-बंद करून बघा, दार उघडं असताना आणि बंद असतानाही.